खान्देशात घर विकताना: कागद, भिंती आणि एजंटाशी करायचे बोलणे

घर विकायचे ठरले की पहिला सल्ला मिळतो तो रंग देण्याचा. जळगाव, धुळे, भुसावळ किंवा चाळीसगाव येथे व्यवहार रंगामुळे क्वचितच अडतो; तो अडतो कागदांमुळे आणि एजंटाशी सुरुवातीला केलेल्या मोघम बोलण्यामुळे. घरपट्टी, नळपट्टी व वीजबिल भरलेले आहे आणि माळ्यावरची अडगळ निघाली आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

प्रथम उतारा काढावा. शहरात मिळकत पत्रिका, बिनशेती प्लॉटवरील घराचा सातबारा आणि गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहावा. त्यावर अजूनही वडिलांचेच नाव असेल आणि ते हयात नसतील, तर वारस नोंद झाल्याशिवाय कोणालाही घर दाखवू नये. घर वडिलोपार्जित असो किंवा वडिलांनी स्वतः बांधलेले असून त्यांनी मृत्युपत्र केलेले नसो, हिंदू कुटुंबात बहिणींचा हिस्सा दोन्ही ठिकाणी असतोच. बहिणींनी एक तर खरेदीखतावर सही करून आपला वाटा घ्यावा, नाही तर स्वखुशीने हक्कसोडपत्र करून द्यावे, आणि तेही दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेले असावे. स्टॅम्पपेपरवर सही घेऊन घरात ठेवलेल्या कागदाला काही किंमत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी येतात तेव्हा हे बोलणे उरकावे, मात्र झोक्यावरून उतरवून सही मागण्याची घाई करू नये. घरावर कर्ज असल्यास बँकेच्या दाखल्यावर न थांबता उताऱ्यावरील बोजा उतरवून घ्यावा.

भिंतींचा प्रश्न आपल्याकडे काळ्या मातीचा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग पुष्कळ घरांत दिसते. तिच्यावर पुट्टी ओढून ताजा रंग दिला की गिऱ्हाइकाचे लक्ष नेमके तेथेच जाते. त्यापेक्षा वर्षभर आधी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून शेजारी तारीख लिहावी. पुढच्या वैशाखातही भेग रेघेच्या आत असेल, तर ती खूण गिऱ्हाइकाला दाखवावी. रेघ ओलांडून गेली असेल, तर आधी चांगल्या अभियंत्याला बोलवावे. गच्चीची गळती बंद करून घ्यावी. पाणी किती दिवसांआड येते आणि हौद किती लिटरचा आहे, हे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरे खरी द्यावीत.

किंमत ठरवताना शेजाऱ्याने सांगितलेला आकडा धरू नये. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर परिसरातील नोंदलेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन पाहता येते. ती पाहावी आणि रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दरही तपासावा.

आता एजंट. सर्वांत अवघड टप्पा हाच आहे आणि त्यातले डावपेच लक्षात यायला मलाही बराच काळ लागला. घर पाहून झाले, चहा झाला, की एजंट विचारतो, ‘काका, तुम्हाला हातात किती पाहिजेत?’ प्रश्न आपुलकीचा वाटतो आणि घरमालक सांगून टाकतो, ‘मला ४० लाख द्या, वरचे तुमचे.’ हे वाक्य कधीही उच्चारू नये. त्या क्षणापासून तो तुमचा माणूस राहत नाही. स्वतःचा एक रुपयाही न गुंतवता तो तुमच्या घराचा व्यापारी होतो. मग तो गिऱ्हाइकाला ४६ लाख सांगतो आणि ४१ लाखांना तयार असलेले गिऱ्हाईक परस्पर वाटेला लावतो, कारण त्यात त्याला लाखच सुटतो. तुमच्यापर्यंत मात्र ‘सध्या बाजार थंड आहे’ एवढेच पोहोचते. गिऱ्हाइकाशी तुमची गाठ पडू नये याची तो काळजी घेतो, आणि खरेदीखताचा मसुदा तयार होताना आकडे उघडे पडले की दोन्ही बाजू एकमेकांना लबाड समजू लागतात. खरेदीखतात ४६ लाख लिहिले गेले, तर आयकरासाठी तुमची विक्री ४६ लाखांचीच धरली जाते. वरचे ६ लाख एजंटाच्या खिशात गेले, याचा कागद तुमच्याकडे नसतो.

म्हणून दलाली टक्क्यांत ठरवावी. आपल्याकडे साधारणपणे प्रत्येक बाजूने १ ते २ टक्के घेतात. साध्या कागदावर, दोघांच्या सह्यांनिशी, पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात: टक्केवारी किती, ती तुमच्याकडूनच घेणार की दोन्ही बाजूंकडून, नात्यातले गिऱ्हाईक तुम्ही स्वतः आणल्यास काय, आणि एजंटाला इसार घेण्याचा अधिकार नाही. दलाली खरेदीखत नोंदून पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावरच देय राहील, हेही लिहावे. इसाराच्या दिवशी दलाली मिळालेल्या एजंटाला पुढच्या अडचणींत रस उरत नाही. ‘आपल्यात लिहायचं काय?’ असे तो म्हणाला, तर चहा पाजून निरोप द्यावा, मग तो भाऊबंदांपैकी असला तरी.

काम एकाच एजंटाला, तीन महिन्यांच्या बोलीवर द्यावे, असे माझे ठाम मत आहे. चौघांना सांगितले की एकच घर चार मोबाइलवर चार किमतींना फिरते आणि गिऱ्हाईक सर्वांत खालची किंमतही आणखी उतरण्याची वाट पाहत बसते. पुण्याला किंवा सुरतेला स्थायिक झालेल्यांनी मुखत्यारपत्र द्यायचेच असेल, तर ते भावाला किंवा मुलाला द्यावे. एजंटाला कदापि देऊ नये.

इसार चेकने किंवा बँकेतून घ्यावा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही आणि घेतल्यास तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, होऊ शकतो. साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, उरलेल्या रकमेची तारीख आणि ती चुकल्यास इसाराचे काय होईल, हे स्पष्ट लिहावे. ‘पितृपक्षाआधी सामान टाकू द्या’ अशी विनंती आली, तरी पूर्ण रक्कम मिळण्यापूर्वी ताबा देऊ नये. राहायला आलेले गिऱ्हाईक उरलेल्या पैशांची घाई करीत नाही.

किंमत ५० लाख किंवा अधिक असल्यास खरेदीदार १ टक्का कर कापून घेतो, त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. रक्कम जमा झाल्याचे पाहून किल्ल्या द्याव्यात, मीटरच्या आकड्याचा फोटो काढावा आणि वीजजोडणी नव्या मालकाच्या नावावर करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात त्याच्याकडून भरून घ्यावा.