मे महिन्यात सांध्यातून सुटणारा पाइप

आमच्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा 45 ला टेकतो आणि टाकीतून मोरीकडे येणारा पीव्हीसी पाइप दिवसभर स्लॅबवर तापतो. गळती मात्र दिसायची पहाटे. पाइप उन्हानं लांबतो, रात्री आखडतो. 10 मीटरला 30 अंशांच्या फरकात साधारण 2 सेंटिमीटर. दोन्हीकडे क्लॅम्प घट्ट, मग सगळी ओढ एल्बोवर, म्हणजे वळणाच्या जोडावर. वरून एमसील थापणं म्हणजे मनाचं समाधान.

पाणी बंद करून सांधा आरीपत्त्यानं कापला. टोकं पुसून पार कोरडी केली, पॉलिश पेपरनं घासली, दोन्हीकडे पाइप चिकटवायचं सोल्युशन लावून नवा एल्बो पाव फेरा फिरवत दाबून धरला. हे काम उन्हं उतरल्यावरच करा, दुपारी सोल्युशन लावता लावता वाळतं. पाणी दुसऱ्या दिवशी सोडलं.

खरा इलाज पुढचा: क्लॅम्प ढिले केले आणि सरळ लाइनीत एल्बो टाकून एक वळण दिलं, म्हणजे पाइपाला सरकायला जागा. वरून चुना मारला. काकाजी म्हणाले, "पराट्या टाक ना बे वरून, सावली तं होईन." टाकल्या पराट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या. सांधा टिकलाय; दुपारी नळाला चटके देणारं पाणी येतंच.