जुनं घर दुरुस्त करताय? रंगाच्या आधी ओल बघा, या चुका टाळा

नाशिकच्या पंचवटी-भद्रकालीतल्या जुन्या घरांत पैसे बेताचे असले की आधी डोळ्यांना दिसणारी कामं निघतात. रंग, फरशी, ओटा. पहिल्याच पावसाळ्यात भिंत फुगते आणि केलेला खर्च पुन्हा करावा लागतो. म्हणून सुरुवात छपरापासून करा. फुटकी कौलं, तुंबलेली पन्हळ, गच्चीचा उतार हे आधी, बाकी सगळं नंतर.

सगळ्यांत महागात पडते ती चूक म्हणजे पांढऱ्या मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. आमच्या मागच्या भिंतीला आम्ही तो केला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्याचे पोपडे सुटले आणि त्यांच्याबरोबर विटांचा भुगाही खाली आला. मला त्या भिंतीचं आजही वाईट वाटतं. जमिनीतली ओल जोत्यातून भिंतीत चढतेच. चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो, सिमेंट कोंडून ठेवतं. मग ती आणखी वर चढते आणि क्षार साचून मऊ वीट आतून पोखरते. वरून वॉटरप्रूफ रंग मारला तरी तेच होतं.

असं झालंच असेल तर सुटलेला गिलावा खरवडा आणि भिंतीला एक अख्खा उन्हाळा वाळू द्या. मग एक भाग चुना, तीन भाग वाळू घेऊन पातळ थर द्या आणि ते काही दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा. चुन्यात हात बसलेला गवंडी सहज मिळत नाही, पण त्याच्यासाठी थांबा.

ओल नेमकी कुठून येते हे घरीच कळतं. भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला आले तर तो हवेतला दमटपणा, खिडकी उघडी ठेवा. जमिनीपासून दोन-तीन फुटांचा सलग पट्टा दिसला तर ओल जोत्यातून चढतेय. भर उन्हाळ्यातही एकाच जागी डाग ओला राहत असेल तर पाइप तपासा.

२०१६ आणि २०१९ च्या पुरात गोदेचं पाणी सराफ बाजारात शिरलं होतं. त्या भागात तळमजल्यावर प्लायवूड नको, प्लगचे बोर्ड खांद्याच्या उंचीवर घ्या.

हॉल मोठा करायला मधली भिंत किंवा खांब काढू नका, जुन्या भिंतींवर स्लॅबही टाकू नका. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून मजबुतीची तपासणी, कायद्यानेच करायचं असतं, तेव्हा पावसाळ्यापूर्वीच्या महापालिकेच्या नोटिशीची वाट कशाला बघायची? शेजाऱ्याशी सामाईक भिंत असेल तर त्यालाही इंजिनिअरसमोर बसवा.

आणि निघालेलं सागवान भंगारात देऊ नका. स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. टोक रुतलं किंवा पोकळ आवाज आला तर वाळवी किंवा कूज आहे. नाहीतर त्याच तुळईतून खिडक्यांच्या चौकटी निघतात.