खोकं वाचा, मग रोल भरा: फिल्मच्या या चुका टाळा

रोल वाया गेला की आधी कॅमेऱ्याला आणि मग लॅबला शिव्या बसतात. खरं तर निम्मे रोल दुकानाच्या काउंटरवरच वाया गेलेले असतात, कारण घेणाऱ्याने आयएसओचा (फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा) आकडा आणि किंमत सोडून काही वाचलेलंच नसतं. वाचायची असते ती बारीक अक्षरांतली प्रोसेस, म्हणजे फिल्म कुठल्या केमिकलांत धुवायची ते. सी-४१ म्हणजे कलर निगेटिव्ह, ई-६ म्हणजे स्लाइड (थेट सरळ चित्र देणारी पारदर्शक फिल्म), ईसीएन-२ म्हणजे सिनेमाची निगेटिव्ह.

सगळ्यात महागात पडतो तो स्वस्तातला सिनेमाचा रोल. कोडॅक व्हिजन३ ची ५०डी, २५०डी, २००टी किंवा ५००टी चारशे फुटांच्या डब्यातून कापून वापरलेल्या कॅसेटमध्ये भरतात आणि वर हाताने लिहिलेली पट्टी चिकटवतात. फिल्म उत्तमच असते. पण आजवर विकल्या गेलेल्या बहुतेक व्हिजन३ च्या पाठीवर रेमजेट नावाचा कार्बनचा काळा थर आहे. घेणारा काही न सांगता रोल काउंटरवर ठेवतो, लॅबवाला नेहमीच्या रोलांबरोबर तो मशीनमध्ये सोडतो. डेव्हलपरमध्ये तो थर सुटतो, रोलरांना चिकटतो आणि मागून येणाऱ्या प्रत्येक फिल्मवर काळे ठिपके पाडत जातो. कुणाच्या तरी बारशाचा रोल त्यात सापडतो. मशीन बंद, केमिकल ओतून द्यायचं, रोलर एकेक काढून घासायचे. वाचलेले पैसे एकाचे आणि भुर्दंड दुसऱ्यालाच. पुढे ती लॅब पट्टी चिकटवलेला कुठलाच रोल घेत नाही, तेव्हा तिला आडमुठी म्हणू नका.

घरी टाकीत धुणार असाल तर डेव्हलपरच्या आधी लिटरभर ३८-३९ अंशांच्या पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घाला. टाकीत ओतून मिनिटभर जोरात हलवा आणि ओतून द्या. शाईसारखं काळं पाणी येईल. ते स्वच्छ होईपर्यंत हेच करत राहा. शेवटच्या धुण्यानंतर फक्त चकचकीत बाजू ओल्या मऊ कापडाने पुसा. इमल्शनची, म्हणजे चित्र उमटतं ती मंद बाजू पुसलीत तर चित्रच पुसाल. लॅबला द्यायचा असेल तर रेमजेट आहे हे तोंडाने सांगा. सिनेस्टिल ८००टी मात्र सी-४१ मध्ये चालते, तिचा थर आधीच काढलेला असतो. म्हणूनच तिच्यात दिव्यांभोवती लाल वलय दिसतं.

अशाच रोलांत आणखी एक खड्डा आहे. कॅसेट जुनी असल्याने तिच्यावरचा डीएक्स कोड, म्हणजे कॅमेऱ्याला आयएसओ सांगणारी खूण, आधीच्या फिल्मचा असतो. ४०० च्या कॅसेटमध्ये ५०डी भरलेली असेल तर ऑटोमॅटिक कॅमेरा तीन स्टॉप कमी प्रकाश देतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), आणि रोल गेला. आयएसओ हाताने लावता येत नसेल अशा कॅमेऱ्यात हे रोल घालूच नयेत.

दुसरी लाडकी चूक म्हणजे निगेटिव्ह आणि स्लाइडला एकाच मापाने प्रकाश देणं. दुपारी दोनला ओसरीवर आजी बसली आहे, मागे उन्हाने पांढरं झालेलं अंगण. प्रकाश मोजणारा मीटर अंगण वाचतो, आजी काळी पडते. निगेटिव्हवर सावलीत प्रकाश पोचलाच नाही तर तिथे काहीच नोंदलं जात नाही. स्कॅनरमध्ये उजेड वाढवला की मातकट हिरवट दाणे तेवढे वर येतात. उलट कलर निगेटिव्हला दोन स्टॉप जास्त दिले तरी ती सहज पचवते. म्हणून मीटर सावलीवर लावायचा. जवळ जाता येत नसेल तर आपला तळहात तशाच सावलीत धरून मोजा आणि एक स्टॉप वाढवा. ४०० ची कलर निगेटिव्ह कायम आयएसओ २०० वर ठेवली तरी काही बिघडत नाही.

स्लाइडचं गणित उलटं. तिथे अर्ध्या स्टॉपची चूकही दिसते, आणि जास्त प्रकाश पडलेला भाग नुसता पारदर्शक होतो. उन्हातलं पांढरं धोतर एकदा गेलं की कुणीही ते परत आणू शकत नाही. त्यामुळे मोजायचं ते उजळ भागावर. आजी आणि अंगण दोन्ही हवं असेल तर स्लाइड भरूच नका. पहिलाच रोल वेल्व्हिया या स्लाइड फिल्मचा घेणाऱ्याला आणखी काय सांगायचं?

साधी ब्लॅक अँड व्हाइट, म्हणजे एचपी५ किंवा ट्राय-एक्स, सी-४१ ला दिली तर ब्लीच आणि फिक्सर सगळी चांदी काढून टाकतात आणि कोरी पट्टी हातात येते. इल्फर्डची एक्सपी२ तेवढी सी-४१ ची आहे.

टी अक्षराची फिल्म पिवळसर, ३२०० केल्विनच्या दिव्यांसाठी असते, उन्हात निळी पडते. ८५ नंबरचा नारिंगी फिल्टर लावा आणि ५००टी आयएसओ ३२० वर मोजा.

लांब एक्सपोजरला फिल्म मंदावते, म्हणून रात्री एचपी५ वर मीटरने ३० सेकंद सांगितले तर द्यायचे साधारण ८६. इतका वेळ थांबायचा कंटाळा असेल तर फ्लॅश घ्या.

फ्रीजमधला रोल काढल्या काढल्या डबी उघडू नका, पावसाळ्यात कोकणात तर मुळीच नाही. बंद डबीत दोन तास राहू द्या, नाहीतर दव थेट फिल्मवर धरतं.

विमानतळावर फिल्म चेक-इन सामानात कधीच टाकू नये. हातातल्या पिशवीत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा, कारण नव्या सीटी मशीनचे क्ष-किरण कमी आयएसओच्या रोललाही सोडत नाहीत.

आजोबांच्या कपाटात कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकच्या जुन्या रंगीत स्लाइडचा रोल, सापडला तर रंग विसरा. त्याची के-१४ प्रोसेस करणाऱ्या कॅन्ससमधल्या शेवटच्या लॅबने २०१० च्या अखेरीस रोल घेणं थांबवलं. आता त्यातून निघालंच तर ब्लॅक अँड व्हाइट चित्र निघेल. उटीच्या कारखान्यातली जुनी इंदू फिल्म मिळाली तर आधी एक रोल चाचणीसाठी खर्ची घाला, महत्त्वाचं काही त्यावर काढू नका.

आणि रोल भरल्यावर मागचं झाकण लावलं की रिवाइंडची खुंटी तिच्यावरच्या बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून ढील काढा, मग लिव्हर ओढा. खुंटी आपोआप फिरली पाहिजे. ती फिरत नसेल तर फिल्मची पट्टी पलीकडच्या गुंडाळणाऱ्या स्पूलला अडकलेलीच नाही. फोटो मोजणारा काउंटर ३९ वर गेला तरी लिव्हर सहज ओढली जात असेल तर बहुधा फोटो एकही निघालेला नाही. झाकण उघडायची घाई नको. आधी खुंटी फिरवून पाहा, ताण लागलाच नाही तरच उघडा आणि तोच रोल पुन्हा भरा.