जिप्सी नाहीतर जुन्या जीपला हेवी ड्युटी स्टेरिंग बसवायचं आहे? मग नुसता रॉड बदलून भागत नाही

पाऊस लागला की आपल्याकडं स्टेरिंगची कामं निघतात. ताडोब्याचं कोअर १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत बंद, म्हणून मोहर्ली-कोलाऱ्याच्या जिप्स्या घरी उभ्या, आणि इकडं शेतावरच्या जुन्या महिंद्रा जीपा पांदणीतल्या बंडीच्या चाकोऱ्यांत पोट घासून राहिल्या असतात. धुरा (शेताचा बांध) ओलांडताना किंवा सागाच्या खुंटावर गाडी चढली की सगळ्यात आधी वाकतो तो टाय रॉड (पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा), मग गाडी एका बाजूला ओढते, टायर एका अंगानं खाल्ले जातात आणि मालक म्हणतो आता एकदाचा जाडच रॉड टाकून घेऊ. टाका ना, पण नुसता जाड रॉड टाकला तर मोडायची जागा तेवढी बदलते. आधी रॉड वाकून झटका खायचा, आता तोच झटका पुढं बॉल जॉइंटवर, नकलवर (चाक ज्याच्यावर वळतं तो तुकडा), नाहीतर चेसीवरच्या स्टेरिंग बॉक्सवर जाणार. रॉड वाकला तर गाडी हळूहळू घरी येते, बॉक्सचे बोल्ट चेसीतून उपटले तर येत नाही.

हे सगळं समोर सॉलिड अॅक्सल असलेल्या गाड्यांसाठी आहे हां, पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड धुरीवर असलेल्या, म्हणजे १९८५ पासूनची जिप्सी, एमएम ५४०, मेजर वगैरे लीफ स्प्रिंगवाल्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगा). २०२० ची नवी थार असेल तर तिचं पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट आहे, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी हलतात, तिचं काम वेगळं.

सामान आणायच्या आधी गाडी पाहून घ्या. एकाला स्टेरिंग डावं-उजवं थोडं थोडं हलवत बसवा आणि तुम्ही खाली आडवे होऊन प्रत्येक जॉइंटवर हात ठेवा. जिथं प्ले (ढिलेपणा) आहे तिथं बोटाला टक-टक लागते, डोळ्यानं दिसेलच असं नाही. मग स्टेरिंग बॉक्स जिथं चेसीला बसतो ती जागा तारेच्या ब्रशनं आणि डिझेलनं धुवून काढा, कारण काळी माती तिथं वाळून सिमेंटसारखी बसलेली असते आणि तिच्याखाली चीर असली तर दिसतच नाही. धुतल्यावर बोल्टच्या भोकापासून निघालेली गंजाची बारीक लाल रेघ दिसली की समजा तिथं चेसी फाटून राहिली. हे आधी नीट करा, चिरेच्या टोकाला भोक पाडून, वेल्डिंग करून, वरून प्लेट. बॉक्सचे बोल्ट चेसीच्या डब्यातून आरपार जात असतील तर आत स्लीव्ह टाकायला सांगा, नाहीतर तुम्ही बोल्ट कसत राहता आणि चेसीच दबत राहते, कसल्यासारखं वाटते पण कसलेलं काहीच नसते.

आणि एक, जॅकवर चाक घेऊन वर-खाली धरून हलवा. तिथं प्ले निघाला तर बेअरिंग नाहीतर किंगपिन, म्हणजे ज्याच्यावर नकल वळतो ती पिन. किंगपिनचा प्रीलोड (तो किती घट्ट बसला ते) स्प्रिंग काट्यानं पाहतात, नकलच्या आर्मला काटा अडकवून ओढायचं आणि फिरायला किती जोर लागतो ते वाचायचं, आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. कापूस तोलायचा मोठा काटा इथं चालत नाही, त्याच्यावर एवढा कमी जोर वाचताच येत नाही, किराणा दुकानातला छोटा काटा पाहा. किंगपिन ढिले ठेवून वर कितीही महाग स्टेरिंग बसवलं तरी गाडी थरथरणारच.

आता रॉड. आपल्याकडं लेथवाल्याकडं गेलं की तो पहिले म्हणतो, सॉलिड बार टाकून देतो भाऊ, जिंदगीभर पाहा लागत नाही. ऐकू नका. वाकण्याला विरोध होतो तो बाहेरच्या व्यासामुळं, मधला लोखंडाचा गाभा जवळपास फुकटचं वजन असतो. हिशोब साधा आहे, ३२ मिमी सॉलिड बार घ्या आणि बाहेरून ३२ आतून १६ मिमीची ट्यूब घ्या, तर ट्यूबमध्ये सॉलिडच्या जवळपास ९४ टक्के कडकपणा मिळतो आणि वजन भरते फक्त तीन चतुर्थांश. उलट २५ मिमीचा सॉलिड बार घेतला तर ही ट्यूब त्याच्यापेक्षा अडीच पट कडक पडते. जाड भिंतीची ट्यूब असली की टोकाला आतूनच चुडी (आटे) पाडता येते, वेगळा तुकडा घालून वेल्ड मारायची गरजच राहत नाही. पाईप सीमलेसच पाहिजे, पाण्याचा जीआय पाईप किंवा शिवणवाला पाईप बिलकूल नाही. आणि जुना वाकलेला रॉड गॅसवर लाल करून सरळ करणारे मिस्त्री प्रत्येक चौकात आहेत, त्यांना चहा पाजा आणि गाडी घेऊन निघा. तापवलेल्या नाहीतर मधात वेल्ड मारलेल्या रॉडवर मी तरी माणसं बसवणार नाही.

टाय रॉडच्या एका टोकाला सुलटी चुडी आणि दुसऱ्या टोकाला उलटी चुडी पाहिजे, म्हणजे गाडीवर लागलेला असतानाच रॉड फिरवून लांबी कमी-जास्त करता येते. उलट्या चुडीचा टॅप प्रत्येक लेथवाल्याकडं नसतो, आधी विचारून घ्या, नाहीतर तो दोन्हीकडं सुलटी पाडून देईल आणि मग दरवेळी अलाइनमेंटला जॉइंट खोलत बसा.

टाय रॉड एंड, म्हणजे रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट, घेताना रबराचा बूट पाहा, चंद्रपूर-वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि हलकं रबर एका मोसमात तडकते, मग पावसात चिखल आत आणि जॉइंट खतम. ग्रीस निप्पलवाला मिळाला तर तोच घ्या. बुटापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे टेपर. एंडचा खुंटा निमुळता असतो आणि नकलच्या आर्मचं भोकही तसंच निमुळतं, दोघांचा कोन जुळला तरच पकड. तपासायचं कसं, तर खुंट्यावर मार्कर पेनानं सगळीकडं शाई फासा, भोकात घालून हातानं दाबत थोडं फिरवा आणि काढून पाहा. शाई वरपासून खालपर्यंत सारखी घासली गेली तर जुळलं, फक्त वरच्या नाहीतर खालच्या कडेला गोल पट्टा उमटला तर नाही जुळलं. खुंटा इतका आत गेला की स्प्लिट पिनचं (नट फिरू नये म्हणून घालतात त्या पिनचं) भोक नटाच्या खाचांच्या वर निघालं, तरी तो एंड परत करा. वॉशर टाकून भागवू नका.

खोलायला घ्या. सपाट जागा पाहिजे, खळ्यावर सिमेंटचा ओटा असेल तर छानच. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, हँडब्रेक, पुढून अॅक्सलखाली घोड्या (जॅक स्टँड), नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही. चाकं सरळ करून स्टेरिंग मधोमध आणा आणि दोरीनं बांधून टाका. जुना रॉड काढायच्या आधी एका जॉइंटच्या मधापासून दुसऱ्या जॉइंटच्या मधापर्यंतचं माप घेऊन लिहून ठेवा, वाकलेला असेल तर माप थोडं चुकेल पण सुरुवातीला तेवढं पुरते. ड्रॅग लिंक म्हणजे स्टेरिंग बॉक्सच्या आर्मपासून चाकांकडं जाणारा दांडा, त्याचं दुसरं टोक तुमच्या गाडीत नकलवर आहे का टाय रॉडवर हेही आत्ताच पाहून घ्या, मोबाईलवर फोटो काढा.

स्प्लिट पिन काढा, नट ढिला करा पण पूर्ण काढू नका, दोन-तीन चुड्यांवर राहू द्या म्हणजे जॉइंट सुटला की तोंडावर पडत नाही. मग पुलर (जॉइंट ओढून काढायचं हत्यार) लावा. पुलर नसेल तर आर्मच्या ज्या डोळ्यात खुंटा बसला आहे त्याच्या एका बाजूला घण टेकवून दुसऱ्या बाजूनं हातोडीचे दोन-चार कडक ठोके द्या, टेपर फट्टकन सुटतो. खुंट्याच्या चुडीवर खालून ठोकणारे असतात, त्यांचा तो एंड परत कामाचा राहत नाही. ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघून ड्रॅग लिंकला लागणारा आर्म) काढायचा असेल तर मात्र फक्त पुलर, हातोडी अजिबात नाही, तो मार सरळ बॉक्सच्या आतल्या बेअरिंगला बसतो. काढायच्या आधी आर्म आणि शाफ्टवर खूण करा, एक दात जरी सरकला तरी स्टेरिंग एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी फिरेल.

नवा रॉड बसवताना चुड्यांना ग्रीस लावा, दोन्ही एंड सारखेच आटे आत घाला, एक टोक जास्त आत आणि एक अर्धवट बाहेर असं नको. चुडी जेवढी जाड तिच्या दीडपट तरी आत गेलेली पाहिजे. जुन्या मापाला लांबी आणून जागेवर टाका आणि कॅसल नट (खाचांचा नट) मॅन्युअलच्या टॉर्कला कसा. आता स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढं कसून पुढची खाच जुळवा, मागं ढिला करून कधीच नाही. रॉडच्या टोकाला एंड पक्का करणारा लॉक नट शेवटी, आणि तो कसताना दोन्ही एंड एकाच पातळीत धरा, नाहीतर एक जॉइंट आधीच एका बाजूला टेकलेला राहतो, गाडी खड्ड्यात गेली की रॉडला लोळायला जागा नाही आणि मग एंडच तुटतो.

डॅम्पर (स्टेरिंगचे झटके खाणारा शॉकर) नवा हेवीवाला टाकत असाल तर स्टेरिंग दोन्ही लॉकपर्यंत (दोन्हीकडं पूर्ण टेकेपर्यंत) फिरवून पाहा, डॅम्परचा दांडा स्टॉपरच्या आधी संपला नाही पाहिजे. गाडी थरथरते म्हणून डॅम्पर बदलायला सांगणारे लय आहेत, डॅम्पर थरथर दाबून ठेवतो, कारण आत तसंच राहते.

टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत वळली आहेत ते, घरीच काढता येते. चाक उचलून फिरवा, टायरच्या मधात ओला खडू लावा आणि स्थिर धरलेल्या खिळ्यानं त्याच्यावर एक बारीक रेघ ओढा, दोन्ही चाकांना. गाडी खाली उतरवून दहा फूट पुढं ढकला म्हणजे स्प्रिंगा बसतात. मग अॅक्सलच्या उंचीवर दोन रेघांमधलं अंतर पुढून मोजा आणि मागून मोजा. पुढचं माप मागच्यापेक्षा थोडं कमी आलं पाहिजे, या गाड्यांत तो फरक काही मिलीमीटरचाच असतो. टाय रॉड अॅक्सलच्या मागं असेल तर रॉड लांब केला की टो-इन वाढतो, पुढं असेल तर उलटं. टो झाल्यावरच ड्रॅग लिंकला हात लावा, आणि त्यानं फक्त स्टेरिंग व्हील सरळ करा. स्टेरिंग व्हील काढून दात बदलून सरळ करू नका, बॉक्सचा मधला भाग मधात राहिलाच पाहिजे, त्याचा प्ले तिथंच सगळ्यात कमी असतो. बॉक्सवरचा स्क्रू कसून प्ले काढायचा मोह होतो, जास्त कसला तर स्टेरिंग वळल्यावर आपोआप परत येत नाही आणि आतले दात खातात.

आता स्टेरिंग एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत फिरवा, पहिले घोड्यांवर आणि मग चाकं जमिनीवर ठेवून. जाड रॉड स्प्रिंगच्या पट्ट्याला, डिफरन्शियलच्या कव्हरला, ब्रेकच्या होजला लागून राहिला का ते पाहा. मोठे टायर असतील तर टायर पट्ट्याला घासायच्या आधी स्टॉपर बोल्ट टेकला पाहिजे. गाडी उंच केली असेल तर ड्रॅग लिंक तिरपी होते, मग खड्ड्यात अॅक्सल वर गेला की स्टेरिंग आपोआप फिरते, टाय रॉड कितीही जाड टाका हे जात नाही. ड्रॅग लिंक जेवढी आडवी तेवढं बरं.

पहिली ट्रायल गावच्या रिकाम्या रस्त्यावर, २० च्या स्पीडनं, हात ढिला सोडून, मग हळूहळू ४०-५०. परत आल्यावर प्रत्येक नटावर आणि रॉडवर मिळून पेंटची एक रेघ मारून ठेवा, नंतर रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला. ५० किलोमीटरनंतर एकदा आणि पहिल्या मोठ्या चिखलानंतर एकदा पाना लावून पाहा. ग्रीस मारताना बुटातून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा, पण बूट फुगून फाटेपर्यंत नको.

कागदाचंही पाहून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि सफारीची जिप्सी तर टुरिस्ट घेऊन फिरते, तिला फिटनेस सर्टिफिकेट लागते, म्हणून आरटीओत विचारल्याशिवाय त्या गाडीला हात लावू नका. शेतावरच्या जीपेवाल्यांनीही इन्शुरन्सवाल्याला एकदा विचारून ठेवलेलं बरं.

जुना रॉड सरळ असेल तर भंगारात देऊ नका, एंडसकट गोणपाटात गुंडाळून मागच्या सीटखाली ठेवा, सोबत दोन स्प्लिट पिना, त्या नटांना बसणारा पाना आणि एक छोटी हातोडी.