धक्क्यांनंतर लहान मुलांची भीती

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. अशा ठिकाणी मुलांना "आता काही होणार नाही" असं सांगू नका. पुढचा धक्का बसला की तुमच्या शब्दावरचा विश्वासच उडतो. "जमीन पुन्हा हलू शकते, तेव्हा आपण टेबलाखाली बसून त्याचा पाय घट्ट धरू" असं सांगा आणि दिवसा खेळ म्हणून दोन-तीनदा करून घ्या. तीन-चार वर्षांचं मूल अंथरूण ओलं करेल, कडेवरून उतरणारच नाही. रागावू नका, काही आठवडे कुशीत झोपवा. उशाशी टॉर्च ठेवा. पडझडीच्या बातम्या बंदच. तीच दृश्यं पुन्हा दिसली की लहानग्याला दर वेळी नवाच भूकंप झाल्यासारखं वाटतं. महिना उलटूनही झोप-जेवण बिघडलेलंच असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा किंवा १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा.