एकच कोबोल प्रोग्राम, दोन सिस्टिम, वेगळ्या की: या चुका टाळा

मेनफ्रेमवरचा, विमा पॉलिसी वाचणारा कोबोल प्रोग्राम एकच, पण एका सिस्टिममध्ये फाइलची की (ज्या फील्डवरून रेकॉर्ड शोधतात ते) आठ अक्षरी, दुसरीत शाखेच्या कोडसकट दहा. नवखा माणूस काय करतो? सोर्सची कॉपी मारतो, की बदलतो आणि 'झालं' म्हणून मोकळा होतो. हा शॉर्टकट मला अजिबात खपत नाही. पुढे बग एकीकडे दुरुस्त होतो, दुसरीकडे तसाच राहतो आणि ऐन महिनाअखेरीला डोकं वर काढतो. मी सोर्स एकच ठेवतो. रेकॉर्डचा लेआउट कॉपीबुकात (कंपाइलच्या वेळी सोर्समध्ये ओढून घेतली जाणारी वेगळी फाइल), की-फील्डचं नाव दोन्हीकडे तेच, आणि प्रत्येक सिस्टिमच्या लायब्ररीत त्याच नावाचं आपापलं कॉपीबुक.

यातही फसायला जागा आहे. कंपाइलच्या जेसीएलमध्ये (मेनफ्रेमला काम सांगणारी स्क्रिप्ट) सिसलिबखाली, म्हणजे कॉपीबुकं शोधायच्या यादीत, लायब्ररींचा क्रम चुकला, की दुसऱ्याच सिस्टिमचं कॉपीबुक आत येतं. कंपाइल बिनतक्रार होतं. कीची लांबी जुळत नसली तर फाइल ओपन करतानाच फाइल स्टेटस (निकालाचा दोन आकडी कोड) ३९ येतो, म्हणजे निदान कळतं तरी. लांबी जुळली तर मात्र खरा घोळ.

एका प्रोजेक्टवर माझी अख्खी रात्र यात गेली. की पाच आकडी, कॉम्प-३, म्हणजे पॅक्ड: एका बाइटात दोन आकडे, शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्ह. ओपनचा स्टेटस ००, आणि प्रत्येक रीडला २३: रेकॉर्ड सापडत नाही. डिस्प्लेमध्ये १२३४५ छान दिसत होतं. टीमने लोडवर संशय घेऊन फाइल दोनदा पुन्हा भरली. पहाटे मी रेकॉर्डवर हेक्स ऑन केलं, म्हणजे प्रत्येक बाइटचे दोन हेक्स आकडे एकाखाली एक दिसतात: वरच्या ओळीत १३५, खालच्या ओळीत २४एफ. म्हणजे फाइलमधली की शेवटी 'एफ' असलेली; प्रोग्राम शोधत होता शेवटी 'सी' असलेली. फाइल बिनचिन्हाच्या फील्डने भरलेली होती; कॉपीबुक मात्र पहिल्या सिस्टिमवरून उचललेलं, पिक्चरमधल्या (फील्डच्या वर्णनातल्या) 'एस'सकट, म्हणजे चिन्हासहित. बाइट दोन्हीकडे तीनच, म्हणून ३९ आला नाही. व्हीएसएएम (मेनफ्रेमवर या फाइली सांभाळणारी यंत्रणा) किंमत बघत नाही, बाइट बघतं. तेव्हापासून पॅक्ड की दिसली, की मी कोड वाचण्याआधी हेक्स बघतो.

क्लस्टर (व्हीएसएएम फाइल) डिफाइन करताना कीचा ऑफसेट, म्हणजे रेकॉर्डमधली सुरुवातीची जागा, शून्यापासून मोजा.

प्रोग्राममध्ये कीची पहिली आठ अक्षरं थेट जागा-लांबीचा आकडा टाकून कापू नका. लेआउटमध्ये उपफील्ड करा.

तोच सोर्स लिनक्सवर नेणार असाल, तर स्टार्ट आणि रीड नेक्स्ट (एका कीपासून क्रमाने वाचणाऱ्या कमांड) जपून. मेनफ्रेमच्या एब्सिडिक अक्षरसंकेतात अक्षरं आधी, आकडे नंतर, लिनक्सच्या अॅस्कीत उलटं. कीमध्ये दोन्ही असतील तर रेकॉर्ड वेगळ्याच क्रमाने येतील आणि शाखानिहाय बेरजा चुकतील.