कॅराव्हॅनला गॅस गिझरचा शॉवर: ज्योत बाहेर, अंघोळ आत

ट्रॅव्हलर, विंगर किंवा त्या मापाच्या गाडीची कॅराव्हॅन, म्हणजे राहण्याजोगं फिरतं घर, करताना गरम पाण्याचा विचार बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी होतो. मग घरच्यासारखाच ६ लिटरचा गॅस गिझर आणून गाडीच्या बाथरूममध्ये टांगायचं ठरतं. हे अजिबात करू नका. हा गिझर पूर्ण ज्योतीवर साधारण १२ किलोवॉटचा असतो. त्याला तासाला जवळपास १ किलो गॅस आणि मिनिटाला २०० लिटरच्या आसपास हवा लागते. गाडीतलं बाथरूम सव्वा ते दीड घनमीटरचं, म्हणजे सहा-सात मिनिटांत तो आतली सगळी हवा वापरून टाकेल. त्याच्या बरंच आधी ज्वलन अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला ना वास, ना रंग. अंघोळ करणाऱ्याला गरगरतं आणि दाराच्या कडीपर्यंत हात पोचण्याआधी शुद्ध हरपते. घरांच्या बाथरूममधल्या अशा मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. गाडीत जागा त्याहून लहान.

परदेशी कॅराव्हॅनमध्ये बसवतात ते बंद ज्वलनकक्षाचे हीटर बाहेरची हवा घेतात आणि धूरही बाहेरच सोडतात. आपल्या बाजारातला गिझर उघड्या ज्योतीचा असतो, म्हणून गिझर सबंधच गाडीबाहेर ठेवायचा. खालची मांडणी त्याच हिशेबाने दिली आहे.

गिझरची जागा

गाडीच्या मागच्या किंवा डाव्या बाजूला बाहेरून उघडणारा कप्पा करा. आतून १ मिमी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा लावा आणि राहण्याच्या भागाकडचा प्रत्येक सांधा सीलंटने बंद करा. गिझर कप्प्याच्या भिंतीला पक्का बसवू नका. २५ × २५ मिमीच्या चौकोनी पाइपची चौकट करा, ती दोन जाड बिजागऱ्यांवर टांगा आणि गिझर त्या चौकटीवर बोल्टने बसवा. प्रवासात चौकट आत कडीने अडकलेली राहते. अंघोळीच्या वेळी ती ९० अंशात बाहेर वळवली की गिझर मोकळ्या हवेत येतो.

कप्प्याचं दार बाजूला उघडणारं घ्या. वर उघडणारं दार पावसात छज्जासारखं उपयोगी पडेल असं वाटतं खरं, पण गिझरच्या डोक्यातून निघणारा गरम धूर त्याखाली कोंडतो, ज्योत पिवळी पडते आणि दाराचा रंग पोळतो.

आता एक स्वस्त पण फार कामाचा भाग: फ्रिजच्या दारातलं दिव्याचं बटण. ते दाबलं गेलं की सर्किट तुटतं, मोकळं झालं की जुळतं. चौकट आत असताना दाबलं जाईल असं ते बसवा आणि गिझरच्या बॅटरीच्या एका वायरमध्ये जोडा. या गिझरची ठिणगी आणि गॅसचा व्हॉल्व्ह दीड व्होल्टच्या दोन मोठ्या सेलवर चालतात, त्यामुळे चौकट आत असताना गिझर पेटतच नाही. घाईत कुणी कप्पा बंद ठेवून नळ सोडला तरी फक्त गार पाणी येतं. सेलच्या वायरला हात लावला म्हणून वॉरंटी जाऊ शकते. जाऊ द्या.

बाहेर आलेला गिझर उघडणाऱ्या खिडकीपासून, छतावरच्या झडपेपासून आणि फॅनच्या जाळीपासून निदान मीटरभर दूर हवा. इथे एक चूक सर्रास होते. बाथरूममध्ये वाफ काढायला एक्झॉस्ट फॅन लावतात. फॅन चालू झाला की गाडीत हवेचा दाब कमी होतो आणि मिळेल त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ती फट गिझरजवळ असेल तर धूरही आत येतो. म्हणून पाइपांची भोकं बंद करा आणि अंघोळीच्या वेळी गिझरच्या विरुद्ध बाजूची खिडकी उघडी ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपताना डोकं असतं त्या उंचीवर लावा. कॅराव्हॅन आणि बोटींसाठी ईएन ५०२९१-२ या मानकाचे अलार्म मिळतात. गॅसगळतीचा डिटेक्टर वेगळा घ्या आणि जमिनीपासून १५ ते ३० सेंमीवर लावा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी साचतो.

सिलिंडर आणि गॅसची लाइन

५ किलोचा एफटीएल (फ्री ट्रेड एलपीजी, म्हणजे गॅस कनेक्शनशिवाय मिळणारा) सिलिंडर घ्या. इंडियन ऑइल तो ‘छोटू’ या नावाने विकते. रेग्युलेटर त्याच वितरकाकडून, त्या व्हॉल्व्हला बसणारा घ्या. घरच्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून घेणं बेकायदा आहे आणि कशानेच समर्थनीय नाही. गिझर आयएस १५५५८ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला आणि ज्योत विझली की गॅस आपोआप तोडणारा हवा.

सिलिंडरचा कप्पा गिझरच्या कप्प्यापासून वेगळा ठेवा. त्याचंही दार फक्त बाहेरून, आतल्या बाजूने पूर्ण सीलबंद. तळाला हवेसाठी कप्प्याच्या तळाच्या २ टक्के, पण कमीत कमी १०० चौरस सेंमी मोकळं भोक ठेवा. ४० × ४० सेंमीच्या कप्प्याला २ टक्क्यांनी ३२ चौरस सेंमीच येतात, तिथेही १०० च धरायचे. जाळी लावलीत तर तारांनी अडवलेली जागा वजा करा. हे भोक सायलेन्सरच्या वर येऊ देऊ नका. सिलिंडर उभाच ठेवा आणि दोन पट्ट्यांनी आवळा. आडवा झाला तर द्रवरूप गॅस लाइनमध्ये शिरतो आणि बर्नरवर भडका उडतो.

लाइन तांब्याच्या तीन सुती (३/८ इंची) पाइपची करा, एसीवाले वापरतात तीच. जोड फ्लेअर नटचे, म्हणजे पाइपचं तोंड फुलवून नटने आवळायचे. पाइपला दर ५० सेंमीला क्लॅम्प लावा, पत्र्यातून जाताना भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडी) घाला आणि दोन्ही टोकांना एकेक गोल वेटोळं ठेवा. गाडीचे हादरे या वेटोळ्याने पचवले नाहीत तर फ्लेअरच्या मानेशी चीर जाते. फ्लेअरच्या तोंडावर टेफ्लॉन टेप लावू नका. तिथे धातूवर धातू बसूनच सील होतं, टेपने उलट गळती होते. टेप फक्त आट्यांच्या जोडांवर लावा. रबरी नळी दोनच ठिकाणी: रेग्युलेटर ते तांबं आणि तांबं ते गिझर. दोन्ही आयएस ९५७३ च्या, गिझरकडची चौकट वळेल इतकी म्हणजे ६० ते ७५ सेंमी. शेगडी आणि गिझरच्या फाट्यांना सुरुवातीलाच वेगवेगळे कॉक द्या. शेगडी आणि गिझर एकाच वेळी चालवू नका. छोट्या रेग्युलेटरला तो भार पेलत नाही आणि दोन्हीकडे ज्योत मरते.

गळतीची चाचणी

साबणाचा फेस लावून बघणं आवश्यकच, पण तेवढ्यावर थांबू नका. पाऊण इंची पारदर्शक नळी घ्या, तिचा यू आकार पाटीवर बांधा. प्रत्येक बाजू ६० सेंमीची असू द्या आणि नळीत रंगीत पाणी निम्म्यापर्यंत भरा. एक टोक गॅसच्या लाइनला जोडा, दुसरं उघडं ठेवा. गॅस सोडल्यावर दोन्ही बाजूंच्या पाण्यात साधारण ३० सेंमीचा फरक दिसेल. आपल्या रेग्युलेटरचा दाब तेवढाच असतो. काही जळत नसताना तो थोडा जास्त दिसला तर काळजी नको. आता सिलिंडर बंद करा आणि १० मिनिटं थांबा. पातळी हलता कामा नये. हलली तर एकेक कॉक बंद करत कोणत्या फाट्यात गळती आहे ते शोधा.

हीच नळी लावलेली ठेवून गिझर पूर्ण ज्योतीवर चालवून पाहा. फरक २५ सेंमीच्या खाली घसरला तर लाइन बारीक आहे, रेग्युलेटर थकलाय किंवा सिलिंडर गारठलाय.

पाणी: खरी मेहनत इथे

गॅसच्या बाबतीत लोक धास्तावलेले असतात, म्हणून ते काम नीट होतं. शॉवर बिघडतो तो पाण्याच्या बाजूने. गिझर पेटण्यासाठी पाणी ठरावीक दाबाने आणि मिनिटाला अडीच-तीन लिटरच्या वर वाहायला हवं. छतावरच्या टाकीचं दीड-दोन मीटरचं पाणी त्याला पुरत नाही. १२ व्होल्टचा, ३५ पीएसआय दाबाचा डायफ्रॅम पंप घ्या. मिनिटाला ११ लिटरवाला असेल तर ७ ॲम्पिअरपर्यंत करंट घेतो. त्याला २.५ चौरस मिमीची वायर आणि बॅटरीजवळ १० ॲम्पिअरचा फ्यूज लावा. पंपाआधी गाळणी लावा.

पंपानंतर पाऊण ते एक लिटरचा अक्युम्युलेटर, म्हणजे आत दाबलेली हवा असलेली छोटी टाकी, हवाच. तो नसेल तर शॉवरचा प्रवाह कमी असताना पंप सेकंदाला दोनदा सुरू-बंद होतो, त्याबरोबर गिझरही पेटतो-विझतो आणि अंगावर आळीपाळीने गार-गरम पाणी येतं. अक्युम्युलेटरमधली हवा पंप सुरू होण्याच्या दाबापेक्षा किंचित कमी ठेवा. पंपाच्या आतच एकदिशा झडप असते, म्हणून अक्युम्युलेटर आणि गिझर यांच्यामध्ये दुसरी तशी झडप (एनआरव्ही) घालू नका. गरम पाणी फुगतं तेव्हा त्याला मागे अक्युम्युलेटरमध्ये शिरता आलं पाहिजे, नाहीतर दाब गिझरच्या सांध्यांवर येतो.

पाइपसाठी सीपीव्हीसी टाळा. घरात तो उत्तम, पण गाडीत चिकटवलेले सांधे हादऱ्यांनी तडकतात. १२१६ मापाचा (आतून १२, बाहेरून १६ मिमी) कॉम्पोझिट पाइप, म्हणजे प्लास्टिकच्या थरांमध्ये ॲल्युमिनियम असलेला, वापरा. चौकटीपाशी मात्र दोन ब्रेडेड (वरून तार विणलेल्या, वाकणाऱ्या) नळ्या लावा. गिझरची दोन्ही टोकं अर्धा इंची असतात.

मिक्सर बसवायचा मोह होतो. बसवू नका. मिक्सरमध्ये गार पाणी मिसळलं की गिझरमधून जाणारं पाणी तेवढंच कमी होतं. प्रवाह कमी झाला की उरलेलं पाणी उकळायला येतं किंवा ज्योतच विझते, आणि मग मिक्सर उलट फिरवावा लागतो. शॉवरला एकच गरम लाइन द्या आणि तापमान गिझरच्या गॅसच्या खटक्याने ठरवा.

मिनिटाला ४ लिटरचा शॉवर धरला, तर पूर्ण ज्योतीवर पाणी सुमारे ३५ अंशांनी तापतं. हिवाळ्यात महाबळेश्वरला टाकीत १५ अंशांचं पाणी असेल तर ते ५० अंशांचं होईल, म्हणजे भाजेल. तिथे खटका बराच मागे घ्यायचा. स्पितीत टाकीत ५ अंशांचं पाणी असताना मात्र पूर्ण ज्योतच लागते. कोकणात एप्रिलमध्ये टाकीतलं पाणी मुळातच ३० अंशांचं असतं. गिझरची सर्वांत मंद ज्योतही तिथे जास्त होते, तेव्हा गिझर बंदच ठेवा.

साबण लावताना शॉवर थांबवला की गिझरच्या आतल्या तांब्यातली उष्णता तिथल्याच पाण्यात उतरते. पुन्हा सुरू केल्यावर आधी कढत पाणी येतं, मग गार, मग नेहमीचं. म्हणून पहिले पाच-सात सेकंद धार बाजूला धरा. लहान मुलांच्या अंघोळीला हे विशेष लक्षात ठेवा.

पाच मिनिटं पाणी चालू राहिलं तर २० लिटर पाणी आणि पूर्ण ज्योतीवर ८० ग्रॅम गॅस जातो. मधे थांबवत केली तर १२ ते १५ लिटरांत अंघोळ होते. सांडपाण्याची टाकी निदान ४० लिटरची ठेवा. शॉवर ट्रेला तिरक्या दोन कोपऱ्यांत दोन जाळ्या द्या, कारण गाडी कधीच सपाट उभी नसते.

वापरण्याचा क्रम

चौकट बाहेर, विरुद्ध बाजूची खिडकी उघडी, सिलिंडर चालू, पंप चालू, मग शॉवर. ज्योत पेटलेली एकदा बाहेरून डोळ्यांनी पाहा. ती निळी हवी. अंघोळ झाल्यावर आधी सिलिंडर बंद करा आणि ज्योत आपोआप विझेपर्यंत पाणी वाहू द्या. लाइनमधला गॅस जळून जातो आणि गिझरही थंड होतो. सिलिंडर चालू ठेवून गाडी हलवायची नाही. पेट्रोल पंपावर आणि दाभोळ-धोपावेसारख्या फेरीबोटीवर चढतानाही तो बंदच हवा.

काय बिघडतं आणि का

टकटक ठिणगी पडते पण पेट घेत नाही: सिलिंडर नुकताच बदलला असेल तर लाइनमध्ये हवा आहे, दोन-तीनदा प्रयत्न करा. उशिरा ‘भप्प’ आवाज करून पेटत असेल तर सेल उतरलेत. तोवर साचलेला गॅस एकदम पेटतो, तेव्हा सेल लगेच बदला. पाच-दहा मिनिटांनी विझत असेल तर प्रवाह कमी पडून अतिउष्णतेचं संरक्षण काम करतंय. वीस मिनिटांनी विझत असेल तर तो बहुधा गिझरचा स्वतःचा टायमर आहे, बिघाड नव्हे. ज्योत अचानक पिवळी पडली तर बर्नरच्या तोंडाशी पाहा. गाडी महिनाभर उभी राहिली की कुंभारमाशी तिथे मातीचं घर बांधते, कोळी जाळं करतो. मऊ ब्रशने साफ करा, जेटच्या भोकात पिन घालू नका.

थंडीत गॅस असूनही ज्योत मंद राहते, कारण आपल्या एलपीजीत ब्युटेन भरपूर असतो आणि तो शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचाच थांबतो. लागोपाठ अंघोळी केल्या तर सिलिंडर आणखी गारठतो. मधे अर्धा तास जाऊ द्या. सिलिंडरला ज्योतीची किंवा हीटरची धग कधीही देऊ नका. रात्री तापमान शून्याखाली जाणार असेल तर गिझरचा तळाचा प्लग आणि शॉवर दोन्ही उघडून सगळं पाणी काढा, नाहीतर तांब्याची नळी फुटते आणि ते कळतं दुसऱ्या दिवशी बर्फ वितळल्यावर.

बोअरचं जड पाणी भरत असाल तर वर्षातून एकदा लिटरमागे ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी अर्धा तास गिझरमधून फिरवा आणि मग भरपूर साध्या पाण्याने धुवा. रबरी नळ्यांवर छापलेली तारीख पाहा. पाच वर्षांनी, किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर त्याआधीच बदला.

गाडीच्या बांधणीतल्या बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते. कप्पा कापण्याआधीच विचारून घ्या. ऑस्ट्रेलियात किंवा न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्यांनी मात्र ही मांडणी जशीच्या तशी करू नये. तिथे एएस/एनझेडएस ५६०१.२ हे मानक लागू आहे. गॅसचं काम परवानाधारक गॅसफिटरकडूनच करून त्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि गिझरही कॅराव्हॅनसाठी मान्यता असलेलाच लागतो.